यकृताचा कर्करोग : उशीर कोणाच्या दारी होतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात पन्नाशीचे एक शेतकरी आले. भूक मंदावलेली, उजव्या कुशीत जडपणा, वजनात घट. वीस वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेलेली. आम्ही अग्निमांद्य व यकृद्विकार असे निदान करून आरोग्यवर्धिनी, भुईआवळी आणि पथ्य दिले. भूक थोडी सुधारली. त्यामुळे रुग्णाचे समाधान झाले आणि आमचेही. अडीच महिन्यांनी पोटात पाणी भरले, तेव्हा सोनोग्राफी झाली. यकृतात मोठी गाठ आढळली आणि रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू. मुंबईच्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्याचे सांगितले. "पहिल्याच दिवशी सोनोग्राफी केली असती तर?" असे त्यांच्या मुलाने आम्हांला विचारले. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही.

हा प्रसंग सांगण्यास संकोच वाटतो. परंतु यकृताच्या कर्करोगाचे उपचार सर्वसामान्यांना का मिळत नाहीत, याची चर्चा करताना केवळ शासन, औषध कंपन्या आणि मोठी रुग्णालये यांच्याकडे बोट दाखवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खेड्यातील रुग्ण प्रथम आपल्याच दारी येतो. त्याच्या उपचारांचा कालावधी तेथूनच मोजला पाहिजे.

यकृत हा सोशिक अवयव आहे. गाठ बरीच वाढेपर्यंत वेदना नसते. गाठ लहान असताना ती शस्त्रक्रियेने काढता येते, उष्णतेने जाळता येते, अथवा निवडक रुग्णांत यकृताचे प्रत्यारोपण करता येते. पुढच्या अवस्थेत धमनीवाटे औषध सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडणे, गोळ्या किंवा इम्युनोथेरपी हे मार्ग राहतात. त्यांनी बहुधा आयुष्य वाढते, रोग निर्मूल होत नाही. म्हणूनच यकृत आकसून कठीण झालेल्या, म्हणजे सिऱ्हॉसिस झालेल्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. हिपॅटायटिस बी च्या काही वाहकांत सिऱ्हॉसिस नसतानाही कर्करोग उद्भवतो. मद्यपी, मधुमेही आणि स्थूल रुग्णांतील यकृतविकारही पुढे या मार्गाला जाऊ शकतो. हे सारे आपले नित्याचे रुग्ण आहेत.

दुसऱ्याकडे रुग्ण पाठविल्याने आयुर्वेदाचा कमीपणा होतो, अशी भावना काही व्यवसायबंधूंच्या मनात असते. ती शास्त्राला धरून नाही. गुल्माच्या चिकित्सेत पक्वावस्था येताच चरकाचार्यांनी शस्त्रकर्माचा अधिकार धान्वंतरीयांचा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. असाध्य व्याधीची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याच्या पदरी अर्थ, विद्या व यश यांची हानी येते, असा इशाराही त्यांनीच दिला आहे. आपली मर्यादा ओळखणे हे आपल्या परंपरेत वैद्याचे लक्षण मानले गेले.

भुईआवळीचे उदाहरण बोलके आहे. हिपॅटायटिस बी च्या विषाणूचा शोध लावणारे नोबेल पारितोषिक विजेते ब्लूमबर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांसह या वनस्पतीचा अभ्यास केला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. पुढील अभ्यासांत मात्र तसे फळ हाती आले नाही. कामलेत भुईआवळीचा उपयोग आपण करतो, तो करावा. पण तिच्या भरवशावर विषाणूची तपासणी टाळू नये. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद मिटेपर्यंत तरी यकृतविकारी रुग्ण काय काय घेत आहे हे विचारून लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.

आता परवडण्याचा प्रश्न. सोराफेनिब या गोळीच्या महिन्याच्या उपचाराला एकेकाळी सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. ९ मार्च २०१२ रोजी भारतातील पहिला सक्तीचा परवाना नाट्को कंपनीला मिळाला आणि तेच औषध दरमहा ८,८८० रुपयांत देण्याचे ठरले. बायर कंपनीची कायदेशीर लढाई सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये संपली. औषध स्वस्त झाले, ही मोठीच गोष्ट झाली. तरी ते लागते पुढच्या अवस्थेत, आणि मूळ चाचणीत त्याने आयुष्य सुमारे तीन महिन्यांनी वाढविले होते. पुढे आलेली इम्युनोथेरपी अधिक गुणकारी ठरली, पण तिचा खर्च बहुसंख्य कुटुंबांना पेलणारा नाही. शिवाय औषधाखेरीज प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम असतोच. परळच्या पदपथांवर पथारी टाकणारी कुटुंबे कोणी पाहिली नाहीत?

यावरील खरा स्वस्त उपाय रोगाच्या आधीचा आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी व सी ची तपासणी आणि औषधे विनामूल्य आहेत. हिपॅटायटिस सी तर बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी ची लस नवजात बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. पण कोणती कागदपत्रे न्यावीत आणि जवळचे योजनेतील रुग्णालय कोणते, हे रुग्णाला सांगणार कोण?

म्हणून आमची व्यवसायबंधूंना विनंती अशी. कामलेचा पूर्वेतिहास, मद्यपान अथवा अकारण घटलेले वजन असलेल्या प्रत्येक रुग्णाची बी व सी तपासणी आणि सोनोग्राफी पहिल्याच भेटीत सुचवावी. निदान झाल्यास घरच्यांचीही तपासणी करून घ्यावी. औषधालयाच्या मालकांनी कर्करोग बरा करण्याचा दावा असलेले फलक व पत्रके दुकानात ठेवू नयेत; १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयक कायद्यात कर्करोगाचा उल्लेख आहेच. महिनोन्‌महिने यकृताचे औषध नेणाऱ्या गिऱ्हाईकाला "तपासणी झाली का?" एवढे विचारण्यास पैसा लागत नाही. रुग्ण पाठविल्यानंतरही त्याची भूक, झोप, मलप्रवृत्ती आणि मनोधैर्य यांसाठी तज्ज्ञांच्या संमतीने आपण करण्यासारखे पुष्कळ उरते.

त्या शेतकऱ्याचा मुलगा अजूनही आमच्याकडे येतो. त्याच्या दोन्ही भावांची तपासणी झाली. धाकट्यात विषाणू आढळला. त्याची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी होते, आणि ती तारीख आम्हीही आमच्या वहीत लिहून ठेवली आहे.