शस्त्रक्रियेनंतर गोळीची बदललेली वाट

पोटाची शस्त्रक्रिया पार पडते, टाके सुकतात, रुग्ण घरी येतो आणि कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. पथ्य, जखमेची निगा, हिंडणे-फिरणे यांविषयी घरात पुष्कळ बोलणे होते. रक्तदाब, मधुमेह वा थायरॉईडच्या गोळ्या मात्र पूर्वीप्रमाणेच सुरू होतात. त्या पूर्वीसारख्याच लागू पडतील का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. या पंधरवड्यात त्याचाच विचार करू.

गिळलेली गोळी जठरात विरघळते. परंतु बहुतेक औषधांचे शोषण लहान आतड्यात होते. गोळीत अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य मिसळून गॅमा कॅमेऱ्याने तिचा प्रवास पाहता येतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी अशा निरीक्षणांतून 1986 साली दाखवून दिले की, औषध कोणत्याही रूपात घेतले तरी लहान आतडे ओलांडण्यास त्याला साधारण 3 ते 4 तास लागतात. मग दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळीचे काय होते? ती उरलेला बराच काळ मोठ्या आतड्यात घालवते आणि तेथेही औषध सोडत राहते.

आता ज्याचे मोठे आतडे काढून टाकले आहे आणि लहान आतड्याचे टोक पोटावर आणून पिशवी लावली आहे, अशा रुग्णाचा विचार करा. त्याच्या शरीरात अशा गोळीचा मुक्काम अर्ध्यावरच संपतो. पिशवी रिकामी करताना न विरघळलेली गोळी दिसली, तर घरच्यांनी ती डॉक्टरांना अवश्य सांगावी. मात्र आपल्या मनाने दुसरी गोळी देऊ नये; कारण काही गोळ्यांचे कवच आतील औषध झिरपून गेल्यावरही जसेच्या तसे बाहेर पडते. अशा रुग्णाच्या शरीरातून पाणी व क्षारही अधिक जातात. म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या मात्रेचा डॉक्टरांकडून फेरविचार करून घ्यावा.

जठराच्या शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी आहे. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत उरलेले जठर लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे लोह मुख्यतः जेथे शोषले जाते, तो आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेवर राहत नाही. आम्ल कमी झाल्याने कॅल्शियम कार्बोनेटही नीट शोषले जात नाही. अशा वेळी कॅल्शियम सायट्रेट अधिक सोयीचे ठरते. बी-12 जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी आवश्यक असलेले प्रथिन जठरातच तयार होते. यकृतातील साठा पुष्कळ काळ पुरत असल्याने संपूर्ण जठर काढल्यावर बी-12ची उणीव काही वर्षांनी उघड होते. तळपायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे तेव्हा वार्धक्याच्या खात्यावर जमा होतात आणि उपचार राहून जातात. दीर्घकाळ राहिलेल्या कमतरतेने मज्जातंतूंना झालेली इजा पूर्णपणे भरून येतेच असे नाही. म्हणून जुनी शस्त्रक्रिया असली तरी नव्या डॉक्टरांना ती सांगणे आवश्यक आहे.

तिसरा प्रसंग नळीवाटे औषध देण्याचा. गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून नळीतून देण्याची पद्धत घरोघरी दिसते. साध्या गोळ्यांपैकी अनेकींच्या बाबतीत डॉक्टर तशी परवानगी देतात. परंतु ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अथवा एक्सएल अशी अक्षरे आहेत, तिचा चुरा कधीही करू नये. दिवसभरासाठी बेतलेले औषध एकदम रक्तात उतरले, तर रक्तदाब वा साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. आम्लापासून बचाव करणारे आवरण असलेल्या गोळ्याही कुटू नयेत. नळीचे टोक जठरात आहे की आतड्यात, हेही विचारून घ्यावे; काही औषधांचा परिणाम त्यावर अवलंबून असतो. फिटवरील फेनिटॉइन नळीतील आहारासोबत दिल्यास त्याचे शोषण घटते.

औषध पोहोचवण्याच्या नव्या वाटाही शोधल्या जात आहेत. अमेरिकेतील एमआयटी येथील संशोधकांनी 2019 साली वाटाण्याएवढ्या आकाराची एक कॅप्सूल मांडली. बिबट्या कासवाच्या पाठीसारखा आकार असल्याने ती जठरात आपोआप सरळ होते आणि बारीक सुईने जठराच्या भिंतीत इन्शुलिन सोडते. हा प्रयोग डुकरांवर झाला होता. आपल्या औषधांच्या डब्याला आज त्याचा उपयोग नाही.

आज उपयोगी पडेल ती एक साधी यादी. रुग्णालयातून निघण्यापूर्वी सर्व गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात आणि प्रत्येकीविषयी विचारावे : ही चालू ठेवायची का, हिचे द्रवरूप वा साधे रूप मिळते का, कुटली तर चालेल का? थायरॉईड, फिट अथवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास रक्ततपासणी केव्हा करायची, तेही लिहून घ्यावे. कोणता भाग काढला व काय कशाला जोडले, हे डिस्चार्ज कार्डावर नमूद असते. त्या कार्डाची एक प्रत औषधांच्या डब्यातच ठेवावी.