४२.३४ मीटरवरील आवाज

नाशिकच्या पेढीवर बसल्या बसल्या आज लासलगावचा कांद्याचा भाव क्षणात कळतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मात्र देशात काय चालले आहे, हेच कळणे दुर्लभ झाले होते. महात्मा गांधींसह प्रमुख नेते अटकेत, वृत्तपत्रांवर निर्बंध आणि नभोवाणी सरकारच्या हाती. अशा वेळी न्यायाधीशाच्या घरात वाढलेल्या, कायद्याचे शिक्षण सोडून आलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला.

त्यासाठी पैसा हवा होता. एका आप्त स्त्रीने आपले दागिने पुढे केले; उषाबेन यांनी ते स्वीकारले नाहीत. रक्कम उभी केली ती बाबूभाई खाखर यांनी. घरच्या सोन्याला हात न लावण्याचा हा विवेक आपल्या व्यापारी घरांना वेगळा समजावून सांगायला नको.

२७ ऑगस्टला गिरगाव चौपाटीजवळून ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण सुरू झाले. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. डॉ. राममनोहर लोहिया आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन यांचे साह्य होते. वृत्तपत्रे ज्यांविषयी लिहू धजत नसत, त्या चिमूर-आष्टीच्या अत्याचारांसारख्या वार्ता या केंद्रावरून लोकांपर्यंत पोहोचल्या.

पुढे एका तंत्रज्ञानेच जागेचा पत्ता दिला. १२ नोव्हेंबर रोजी पोलीस येत असल्याचे कळूनही उषाबेन गिरगावातील पारेखवाडीत गेल्या आणि त्यांनी प्रक्षेपण चालू ठेवले. दारे फोडून पोलीस आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती.

सहा महिने चौकशी झाली. त्यांनी तोंड उघडले नाही. न्यायालयात त्यांनी एवढेच विचारले, की उत्तर देणे बंधनकारक आहे काय? नाही, असे कळताच एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. ज्यांच्या आवाजासाठी यंत्रणा धावत होती, त्यांचे हे मौन! चार वर्षांची शिक्षा झाली, येरवडा पाहावा लागला. प्रकृती इतकी ढासळली, की १५ ऑगस्ट १९४७ चा दिल्लीतील सोहळाही त्यांना पाहता आला नाही.

सुटकेनंतर त्यांनी गांधींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहिला आणि मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन केले. त्या विभागाच्या प्रमुख म्हणून १९८० मध्ये निवृत्त झाल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण लाभले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर अभिवादनास गेल्या. ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.