टोकाच्या मजल्याचे पाणी

चिल्ड वॉटरवर चालणाऱ्या व्यापारी इमारतीत पाणी चिलरमधून साधारण 7 अंश सेल्सिअसला निघते आणि 12 अंशांना परतते. या 5 अंशांच्या फरकावर एक टन शीतकरणाला मिनिटाला सुमारे 10 लिटर पाणी लागते. हिशेब सोपा, प्रत्येक एएचयू (एअर हँडलिंग युनिट) आणि एफसीयूच्या (फॅन कॉइल युनिट) कॉइलला आपला वाटा प्रत्यक्ष मिळणे अवघड. पंपाजवळच्या कॉइलवर दाब जास्त असतो, ती गरजेहून अधिक पाणी ओढते आणि रायझरच्या टोकाचा मजला उकडत राहतो.

तक्रार आली की पंपाचा वेग वाढवायचा, ही साइटवर रुळलेली सवय फार महाग पडते. त्याच पाइपांतून 20 टक्के जास्त पाणी ढकलायला 44 टक्के जास्त दाब आणि पंपाची कार्यक्षमता तीच धरली तर सुमारे 73 टक्के जास्त वीज लागते. त्यातही वाढीव पाण्याचा मोठा भाग आधीच तुडुंब पाणी मिळणाऱ्या कॉइलकडे जातो. तिथे प्रवाह दुप्पट झाला तरी गारवा थोडासाच वाढतो. पाणी पुरेसे न तापताच परतते. परतीचे तापमान 9.5 अंशांवर आले की फरक निम्मा होतो, तेवढ्याच भाराला दुप्पट पाणी फिरवावे लागते आणि अर्ध्या भारावरही केवळ प्रवाहापोटी दुसरा चिलर चालू करावा लागतो.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक कॉइलचा प्रवाह जुळवणे, म्हणजेच बॅलन्सिंग. त्याआधी पाइप धुतले गेले पाहिजेत. स्ट्रेनरमध्ये वेल्डिंगचा कचरा किंवा लाइनमध्ये हवा असेल, तर घेतलेले प्रत्येक माप फसवे. मग सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून प्रत्येक बॅलन्सिंग व्हॉल्व्हवरचा दाबफरक मोजतात, उत्पादकाच्या तक्त्यावरून प्रवाह काढतात आणि डिझाइन प्रवाहाशी त्याचे गुणोत्तर मांडतात. शाखेतली सर्वांत कमी गुणोत्तराची कॉइल, बहुधा टोकाची, संदर्भ धरून बाकीचे व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने आवळले जातात. पुढे शाखेशी शाखा, रायझरशी रायझर. एकूण प्रवाह शेवटी पंपाचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीवर ठरवावा. पंपापुढचा व्हॉल्व्ह अर्धा मिटून पंप 50 हर्ट्झवर पळवणे म्हणजे वीज जाळणे.

अशी जुळवणी पूर्ण भारासाठी असते. टू-वे कंट्रोल व्हॉल्व्ह मिटू लागले की उरलेल्या कॉइलवरचा दाब वाढतो आणि वाटणी बिघडते. म्हणून बदलत्या प्रवाहाच्या यंत्रणेत दाब-निरपेक्ष कंट्रोल व्हॉल्व्ह अधिक योग्य ठरतात. मात्र त्यांना ठरावीक किमान दाबफरक टोकालाही मिळावा लागतो. व्हीएफडीचा दाबफरक-सेन्सर म्हणूनच पंपरूममध्ये न बसवता दूरच्या कॉइलजवळ बसवावा.

हस्तांतरणाच्या घाईत बॅलन्सिंगचे काम उरकले जाते आणि अहवालात डिझाइनचेच आकडे उतरवले जातात, हे थांबायला हवे. अहवालात प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे, मोजलेला दाबफरक, प्रत्यक्ष प्रवाह आणि पंपाची वारंवारता असावी. पुढे कॉइल बदलली किंवा मजल्याची मांडणी बदलली, तर ती शाखा या नोंदींवरून पुन्हा जुळवता येते.