दाम कामाप्रमाणे, पण माप कोणाचे?

“काम करो वा न करो, पगार ठरलेला!” सरकारी नोकरांविषयीची ही तक्रार आमच्या करडीसारख्या गावात कोठेही चार माणसे बसली की ऐकू येते. “कामाप्रमाणे दाम द्या, म्हणजे सारे सुतासारखे सरळ होतील,” हा तोडगाही तेथेच निघतो. तोडगा नवा नाही. केंद्राच्या सहाव्या वेतन आयोगाने २००८ साली आणि सातव्याने २०१५ साली कामगिरीशी निगडित मोबदल्याची शिफारस केली होती. प्रश्न एवढाच की, काम मोजायचे कसे व कोणी?

कामाप्रमाणे दाम म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जाडजूड ग्रंथ चाळण्याची गरज नाही. येथील कितीतरी मायबहिणींनी हजार विड्यांच्या भावावर संसार ओढले. तेंदूपत्त्याचा पुडा सत्तर पानांचा आणि मजुरी पुड्यांच्या शेकड्यावर. हिशेब कसा चोख! पण विडीच्या धंद्यात ‘छाट’ म्हणून एक प्रकार आहे. तपासणारा काही विड्या खराब ठरवून बाजूला काढतो आणि तेवढी मजुरी बुडते. पाने मुळातच फाटकी मिळाली असली, तरी दोष वळणारीच्याच माथी. श्रम तिचे, माप मात्र दुसऱ्याचे! अखेर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात या छाटीबद्दल नियम करण्याची तरतूद करावी लागली.

जेथे काम मोजता येते तेथे ही गत. मग जेथे येत नाही तेथे काय? शिक्षकाचा पगार निकालावर ठरला, तर रोवणीच्या दिवसांत बांधीवर राबणाऱ्या पोराला वर्गात कोण जवळ करील?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन येथे आठवते. निकाल पाहून पैसा देण्याची पद्धत गरीब व अशिक्षित समाजात शिक्षण वाढविण्यास योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये पगार असावा आणि खेड्यातला जो शिक्षक अधिक मुले उत्तीर्ण करील त्याला पगाराव्यतिरिक्त भत्ता द्यावा, असेही त्यांनी सुचविले. आधी पोटापुरता पगार, मग उत्तेजन. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कामचुकार व कष्टाळू यांना एकाच तराजूत तोलणे हाही अन्यायच, हे मला मान्य आहे. म्हणून बक्षिसी जरूर असावी. पण ती पगार कापून नव्हे, पगारावर असावी. मोजण्याची रीत आधी सर्वांना सांगितलेली असावी, आणि माप चुकले तर दाद मागण्याची सोय असावी. उद्या आपल्यापैकी कोणी नोकरी करील, कोणी दुसऱ्याच्या कामाचा अहवाल लिहील. लेखणी हाती येईल तेव्हा ती छाट आठवावी, एवढेच मागणे.