एक अपघात, दोन खेळाडू
स्कॉटलंडमधील जॉन थॉमसन कोवळ्या वयात कोळशाच्या खाणीत राबला आणि १९२७ साली, अठराव्या वर्षी, ग्लासगोच्या सेल्टिक संघाचा गोलरक्षक झाला. ५ सप्टेंबर १९३१ रोजी त्याच नगरीतील रेंजर्स संघाशी खेळताना, गोल वाचविण्यासाठी त्याने सॅम इंग्लिशच्या पायांशी झेप घेतली. इंग्लिशचा गुडघा त्याच्या मस्तकावर आदळला. त्याच रात्री, अवघ्या बाविसाव्या वर्षी, जॉन निवर्तला.

चौकशीत तो निव्वळ अपघात ठरला. तरीही प्रेक्षकांच्या टोमण्यांनी इंग्लिशचा पिच्छा सोडला नाही. त्या हंगामात लीगमध्ये ४४ गोल करणाऱ्या या निर्दोष खेळाडूने १९३८ साली, तिशीच्या आतच, खेळ सोडला.

वाचकहो, खेळाडूंना आपण खिलाडूवृत्ती शिकवितो. प्रेक्षकांना ती कोण शिकविणार?