हरवलेली वर्षं आणि बाख

पियानो आपल्या ओळखीचा असतो, पण हार्पसिकॉर्ड क्वचितच ऐकायला मिळतं. दिसायला ते पियानोचंच भावंडं वाटतं. आतली रचना मात्र वेगळी. पियानोची पट्टी दाबली की छोटी हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. सतारीच्या जवळचं म्हणा ना! त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग भाव आणायचा कसा? तर सूर किती धरायचा, कधी सोडायचा आणि दोन सुरांमध्ये किती थांबायचं, यातून.

साधारण १६०० ते १७५० या बरोक काळात हे वाद्य युरोपात घरांमध्ये आणि दरबारांत होतं. पुढे पियानो आला आणि ते मागे पडलं. विसाव्या शतकात त्याला पुन्हा मैफलीत आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे झुझाना रुझिच्कोव्हा.

१९२७ साली चेकोस्लोव्हाकियातल्या प्लझेन शहरात, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी फुप्फुसाच्या आजारातून बऱ्या झाल्यावर त्यांनी आईवडिलांकडे बक्षीस मागितलं ते पियानोच्या शिकवणीचं. शिक्षिकेने त्यांना बाखच्या संगीताची गोडी लावली आणि हार्पसिकॉर्डकडे वळवलं. पुढे पॅरिसला वांदा लँडोव्स्का यांच्याकडे शिकायला जायचं, असं ठरत होतं.

पण १९३९मध्ये जर्मन फौजा आल्या. १९४२मध्ये हे कुटुंब तेरेझीनच्या छावणीत डांबलं गेलं. वडील तिथेच गेले. मायलेकी पुढे ऑशविट्झ, मग हँबुर्गमध्ये सक्तीची मजुरी आणि शेवटी बर्गन-बेल्सन अशा फिरत राहिल्या. बाखच्या पाचव्या इंग्लिश सुइटमधल्या साराबांदचे सूर झुझानाने एका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून जवळ ठेवले होते. १९४५च्या एप्रिलमध्ये सुटका झाली तेव्हा दोघीही जिवंत होत्या. झुझाना अठरा वर्षांची होती.

वादकाचा हात ज्या वयात घडतो, नेमकी तीच वर्षं गेली होती. मजुरीने आणि उपासमारीने बोटं बिघडली होती. आता वादनाचा नाद सोडावा, असंच कुणालाही वाटलं असतं. त्या मात्र रोज दहा-बारा तास रियाजाला बसू लागल्या. १९५६मध्ये म्युनिकची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी बाखच्या कळवाद्यांसाठीच्या सगळ्या रचना ध्वनिमुद्रित केल्या.

तेव्हाही वाट सोपी नव्हती. त्या आणि त्यांचे पती, संगीतकार व्हिक्टर कालाबिस, कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले नाहीत. परदेशातल्या मैफलींमुळे सरकारला परकीय चलन मिळे, म्हणून त्यांना बाहेर जाऊ दिलं जाई. मानधनाचा मोठा वाटा मात्र सरकारजमा होई. २०१७मध्ये, नव्वदाव्या वर्षी प्रागमध्ये त्यांचं निधन झालं.

'आता उशीर झाला' असं आपण तिशीतच म्हणून मोकळे होतो. गेलेला वेळ झुझानालाही परत मिळाला नाही. उरलेल्या वेळाचं काय करायचं, एवढंच तिच्या हातात होतं. या आठवड्यात सवड काढून ते साराबांद ऐका. अगदी संथ आहे. मुलांनाही सोबत बसवा, आणि ऐकून झालं की त्या चिटोऱ्याची गोष्ट सांगा.