ओळख झाली, आता खेळू द्या

पडद्यावर आधी आपलं नाव झळकवण्याला कोल्हापूरचा माणूस विरोध करेल कसा? १ जून १९२९ रोजी याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. चार वर्षांत ती पुण्याला गेली, पण तिच्या लोगोतली तुतारी फुंकणारी ती स्त्री अजून आपलीच वाटते. आमचे आजोबा प्रभातचं नाव निघालं की गोष्टीआधी तुतारीबद्दलच बोलायचे.

पण सिनेमा माणूस एकदा बघतो, आवडला तर दोनदा-तीनदा. गेम रोज लावतो.

उद्यमनगरातलं वर्कशॉप बंद करून, जेवण उरकून टीव्हीसमोर बसेपर्यंत साडेनऊ होतात. पोराला दहाला झोपायचं असतं. मधल्या वेळात आम्हा बापलेकांची फुटबॉलची मॅच. गेम लावला की आधी प्रकाशकाचा लोगो, मग स्टुडिओचा, मग इंजिनाचा, मग आवाजाचं तंत्र पुरवणाऱ्याचा, शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत परवान्यांची यादी. कंट्रोलरवरची सगळी बटणं दाबून बघा, पडदा ढिम्म.

हा प्रकार आजचा नाही. १९८९ च्या गेमबॉयवर निन्टेंडोचं नाव वरून सावकाश उतरायचं. ते शोभेचं नव्हतं, कुलूप होतं. कार्ट्रिजमधलं नाव यंत्रातल्या नावाशी तंतोतंत जुळलं तरच गेम सुरू व्हायचा. परवान्याशिवाय गेम काढणाऱ्याला ते नाव चोरावं लागणार आणि तो ट्रेडमार्कच्या कायद्यात अडकणार, असा डाव. सेगानेही असंच कुलूप घातलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल परवान्याशिवाय गेम काढणाऱ्या अकोलेड या छोट्या कंपनीच्या बाजूने दिला. डाव खोटा असेल, पण त्या लोगोला निदान काम होतं.

आताच्या लोगोंना काम नाही, करार आहे. सॉफ्टवेअर वापरायचं तर आमचं नाव दाखवा, एवढंच. युनिटी इंजिनाच्या फुकट आवृत्तीत तर २०२४ पर्यंत त्यांचा लोगो काढताच येत नव्हता. फुकट घेतलं तर नाव लावा, हे मला पटतं. पण पूर्ण पैसे मोजून गेम घेतलेल्या माणसाने तो करार रोज का पाळायचा?

तेवढ्या वेळात मागे गेम लोड होतो, असंही सांगतात. काही वेळा होतही असेल. मग पीसीवर खेळणारी पोरं फोल्डरमधल्या त्या व्हिडिओ फाइलींची नावं बदलतात आणि गेम झटक्यात मेनूवर येतो, तो कसा? कन्सोलवाल्याला तीही पळवाट नाही. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांसाठी झगमगत्या दिव्यांची सूचना असते, ती मात्र जरूर राहू दे. ती खेळणाऱ्यासाठी आहे.

माझ्या लेथच्या अंगावर बनवणाऱ्याचं नाव बिडात ओतलेलं आहे. रोज दिसतं, मान आहे. पण खटका दाबला की चक फिरतो. नाव वाचून होईपर्यंत थांब, असं मशीन म्हणत नाही.

यात अवघड काहीच नाही. आवाज किती ठेवला, सबटायटल हवेत की नकोत, कुठली टीम घेतली, हे सगळं गेमच्या लक्षात राहतं. मग या माणसाने आपले लोगो एकदा बघितलेत, एवढंच नेमकं कसं विसरतो? विसरत नाही. लक्षात ठेवायचंच नसतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ २०२० मध्ये जगभर गेला. उद्या आपल्या कोल्हापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरंही गेम करतील. त्यांना एवढंच सांगणं: पहिल्यांदा गेम लावला की तुमचं नाव खुशाल दाखवा, मोठ्या आवाजात दाखवा, आम्ही कौतुकाने बघू. दुसऱ्या दिवसापासून मात्र बटण दाबलं की ते बाजूला झालं पाहिजे. आणि करारावर सही करताना हे कलम आधी घालून घ्या.